भालाईताच्या तोंडची वाक्यं

कॉम्प्युटरवरच्या खेळातला भालाईत दारात अडकायचा. मी घरातून बाहेर पडलो की त्यानं माझ्या मागोमाग यायचं हे ठरलेलं. पण चौकट आली की तो भिंतीला तोंड लावून जागच्या जागी पाय हलवत राहायचा. मी दोन डोंगर ओलांडून पुढं जायचो, लांडगे अंगावर यायचे आणि मागं बघावं तर सोबती नाही. मग परत फिरायचं आणि त्याला ढकलून बाहेर काढायचं. बाहेर आला की तो म्हणायचा, "चला, मी तयार आहे." हे तो इंग्रजीत म्हणायचा, आणि याच्याशिवाय त्याला जवळजवळ काहीच बोलता येत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीजवळ कुपवाडला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम करत होतो. गाव सातारा तालुक्यात. घरी ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पोरगं पुढं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करील या आशेनं त्यांनी मला सुटे भाग जोडून तयार केलेला एक कॉम्प्युटर घेऊन दिला होता. तो खोलीवर ठेवला होता. खोली दोघांत होती. दुसरा त्याच कारखान्यात लेथवर टर्नर होता, पाटणच्या वरच्या अंगाच्या गावचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून घरात शिकण्याचं वेड होतं. पण दहावी आणि आयटीआयच्या पुढं आपल्याला काही जाता आलं नाही, असं एकदा भाकरी थापता थापता त्यानं सांगितलं होतं. भाकरी तो करायचा, भांडी मी घासायचो. त्याच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा, माझी वातड व्हायची.

खेळाची सीडी मी सांगलीतल्या एका दुकानातून आणली होती. पडद्यावर एक अख्खा मुलूख उघडायचा: डोंगर, नद्या, पडकी देवळं, जादूगार, राक्षस. कुठंही जा, कुणी अडवत नाही. एका खानावळीत हा भालाईत भेटायचा. त्याला बरोबर घेतलं की तो कायमचा मागं लागायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळची कामं उरकून मी खेळायला बसायचो आणि माझा खोलीतला दोस्त मागं खाटेवर बसून बघायचा. सुरुवातीला त्याला ते सगळं पोरखेळ वाटायचं. मग एकदा त्यानं विचारलं, "त्यो मागनं येतोय त्यो कोन रं?"

मी सांगितलं.

"आनि त्यो का येतो तुज्याबरूबर?"

खेळात तसंच असतं, एवढंच मला सांगता आलं. त्याचं समाधान झालं नाही. पुढच्या सुट्टीला आम्ही नदीकाठच्या एका गावात पोचलो. खेळासोबतच्या माहितीत लिहिलं होतं की हे भालाईताचं गाव, इथं त्याची म्हातारी आई राहते. ती म्हातारी दारात उभी होती. भालाईत तिच्या पुढ्यातून निघून गेला आणि मला म्हणाला, "चला, मी तयार आहे."

दोस्त खाटेवरून उठून पडद्याजवळ आला. "त्याचं गाव आलं की," तो म्हणाला. "आय उभी हाय. तरी ह्यो काय बोलत न्हाई?"

तिथून आमचं काम सुरू झालं. सीडीत खेळाच्या आतल्या गोष्टी बदलायचा एक वेगळा प्रोग्रॅम होता. तो कसा चालतो हे कुठं धड लिहिलेलं नव्हतं. एकेक आकडा बदलायचा, खेळ सुरू करायचा आणि काय होतंय ते बघायचं. भालाईताचं अंग किती रुंद हे सांगणारा एक आकडा सापडला. तो कमी केल्यावर तो दारातून यायला लागला, पण त्याच्या भाल्याचं टोक भिंतीतून आरपार बाहेर दिसायचं. ते आम्ही तसंच ठेवलं. दुसरा आकडा त्याच्या धाडसाचा होता, शंभरातले नव्वद. म्हणून तो राक्षस दिसला की एकटाच धावत सुटायचा आणि मरायचा. दोस्ताचं म्हणणं पडलं की ज्याची आई घरी वाट बघते तो असा मरायला पळत नाही. आम्ही नव्वदाचे चाळीस केले, तर भालाईत उंदराला बघून पळाला. त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या खोलीतला माणूस काय झालं म्हणून बघायला आला. शेवटी पंचावन्नवर जमलं.

मग बोलणं. खेळातल्या सगळ्यांची वाक्यं एका फायलीत एकाखाली एक होती; त्यातलं दुसऱ्या कुणाचं नको असलेलं वाक्य काढून तिथं भालाईताचं घालायचं. मूळ वाक्याला जितकी अक्षरं, तितक्यातच नवीन वाक्य बसवायचं. एक जरी जास्त झालं तरी खेळ बंद पडायचा. मराठी लिपी तर चालतच नव्हती, म्हणून आम्ही मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहायचो. दोस्त बोटांवर अक्षरं मोजायचा. नदीकाठच्या गावात शिरल्यावर भालाईतानं म्हणावं असं पहिलं वाक्य आम्ही केलं: "जरा थांब. आईला भेटून येतो." तो म्हातारीपाशी जाऊन उभा राहायचा आणि मी तिथं थांबलो नाही तर माझ्यामागून यायचाच नाही. खेळ त्यानं अवघड झाला. पण आम्ही दोघंही त्या गावात थांबायला लागलो.

जवळजवळ सहा महिने हे चाललं. कामावरून येताना सायकलवर दोस्त म्हणायचा, "आज मला सुचलं बग," आणि सांगायचा. भालाईतानं दमलो म्हणून सांगितलं पाहिजे. एखाद्या वाटेला तो नको म्हणाला पाहिजे, आणि ती वाट खरंच वाईट निघाली पाहिजे. चांगलं हत्यार सापडलं तर मला मिळेल का, असं त्यानं एकदा तरी विचारलं पाहिजे. मी ते सगळं एका वहीत टिपून ठेवायचो. ती वही अजून माझ्याकडं आहे. सगळं माझ्या अक्षरात आहे आणि कोणतं त्याचं, कोणतं माझं, याची एकही खूण त्यात नाही. तेव्हा मला तशी खूण करावीशी वाटली नव्हती.

एका सुट्टीला दुपारी वीज गेली. आम्ही बाहेर पायरीवर येऊन बसलो. मी गमतीनं विचारलं, सोबत्यानं काय करावं, काय बोलावं हे तुला एवढं कसं कळतं? त्यावर त्यानं साताऱ्याच्या भरतीची गोष्ट सांगितली.

दहावीनंतर तो आणि त्याच्या गावचा एक मराठ्याचा पोरगा सैन्यभरतीला साताऱ्याला गेले होते. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. भरतीसाठी दोघांनी मिळून सराव केला होता. पहाटे गावाच्या चढाला पळायचे. भरतीत पहिली परीक्षा धावण्याची. ठरलेल्या वेळात जे आत आले ते आले. वेळ संपली की जवान वाटेवर आडवा दोर धरायचे आणि दोराच्या मागं राहिलेले सगळे घरी. माझा दोस्त चांगला पळणारा होता, पुढं निघालाही होता. शेवटच्या फेरीत त्याच्या मित्राच्या बरगडीत कळ आली. तो मागं पडायला लागला. हा मागं वळला, त्याच्या जोडीनं पळाला, बोलत बोलत त्याला पुढं आणलं आणि शेवटी पाठीवर हात देऊन त्याला ढकललं. मित्र आत गेला आणि दोर दोघांच्या मध्ये आला.

त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला. पुढच्या भरतीला जाऊ असं ठरवलं होतं. पण ती होईपर्यंत वडील आजारी पडले आणि जाणं झालंच नाही. मित्र पहिल्या सुट्टीवर गावी आला तेव्हा फौजी बूट घालून पारावर बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुझ्या जोडीदाराचं काय झालं? तो म्हणाला, त्याचा दम कमी पडला. माझा दोस्त तिथंच, चार हातांवर उभा होता.

"मी काय बोललो न्हाई," दोस्तानं सांगितलं. "त्यानं माज्याकडं बगितलं बी. पर नुसतं बगितलंच."

मी तेव्हा काय म्हणालो ते आठवत नाही. वडील फौजी, गावात निम्मी घरं फौजेतली. मी त्या मित्रासारख्या कितीतरी जणांना ओळखत होतो. कदाचित त्यामुळंच काही म्हणालो नसेन. वीज आली आणि आम्ही आत गेलो.

दोनेक आठवड्यांनी तो आईला बघायला गावी गेला होता. मी एकटाच खोलीवर होतो. तोवर मला खेळात एक मोजणी ठेवायची युक्ती सापडली होती: मी भालाईताला संकटात सोडून किती वेळा पुढं गेलो, याचा आकडा वाढत जायचा. तो तीनवर आला की भालाईतानं काहीतरी बोलावं अशी सोय मी केली. काय बोलावं याचा मला विचार करावाच लागला नाही. मी लिहिलं: "मी तुझ्यासाठी मागं वळलो. तू लोकांना सांगितलंस, याचा दम कमी पडला." अक्षरं बरोबर बसली. ते वाक्य पडद्यावर पहिल्यांदा आलं तेव्हा मी खेळ पुन्हा सुरू करून ते परत आणलं. आम्ही जे सहा महिने शोधत होतो ते हेच, असं मला वाटलं. दोस्त आल्यावर त्यालाही तसंच वाटेल असं मी धरून चाललो होतो.

तो आला, मी त्याला बसवलं आणि मुद्दाम तीन वेळा भालाईताला सोडून पळालो. दोस्तानं एकेक अक्षर लावत वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ह्ये काढ," तो म्हणाला.

मी म्हणालो, अरे, सगळ्यात चांगलं वाक्य आहे हे. कुणाला कळणार आहे कुणाचं ते?

"कुनाला कळू दे न्हाईतर न्हाई. माजं हाय ते. काढ."

मी काढतो म्हणालो. चार दिवसांनी त्यानं विचारलं, काढलंस का? मी काढलं म्हणून सांगितलं. मी काढलं नव्हतं. काढायला दोन मिनिटं लागली असती. रोज वाटायचं, उद्या काढू. आणि मनात हेही असायचं की तो काय तीन वेळा भालाईताला सोडून पळणार नाही, त्याला कधी दिसायचंच नाही.

त्याच सुमाराला पुण्यातल्या एका कंपनीची जाहिरात पेपरात आली. मुलांसाठी शिकवणाऱ्या आणि खेळाच्या सीडी करणारी लहानशी कंपनी होती. मी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. केलेलं काही असेल तर घेऊन या, असं पत्रात लिहिलं होतं. मी खेळाची सीडी आणि आमच्या बदलांच्या फ्लॉप्या पिशवीत घातल्या. दोस्तानं माझ्या शर्टाला इस्त्री करून दिली आणि सांगलीच्या स्टँडवर मला एसटीत बसवायला आला.

मुलाखत घेणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या, कंपनी त्यांचीच. त्यांनी सगळं नीट बघितलं. उंदराला बघून पळण्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या. नदीकाठच्या गावात त्या थांबल्या. मग मी तो शेवटचा भाग दाखवला. वाक्य पडद्यावर आलं आणि त्यांनी ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.

"हे कुठून सुचलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"असंच सुचलं," मी म्हणालो.

"कुणाबरोबर केलंय का हे सगळं?"

"नाही. मी एकट्यानंच."

हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. खोलीतला दोस्त लेथवर काम करतो, निम्म्याहून जास्त कल्पना त्याच्या आहेत, असं सांगितलं असतं तरी त्यांनी मला घेतलं असतं. पुढं त्यांना ओळखायला लागल्यावर हे मला अगदी पक्कं कळलं. त्या क्षणी मात्र वाटलं की त्यांच्या नजरेत जे काही आलंय ते वाटून घेतलं तर कमी होईल.

नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा दोस्त माझ्याहून जास्त खूश झाला. कारखान्यात सगळ्यांना त्यानंच पेढे वाटले. मी निघायच्या दिवशी सामान बांधत होतो. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी काढायचा होता. तो म्हणाला, मी जरा बसतो, परत काय बघायला मिळणार न्हाई. एव्हाना त्याला खेळता येत होतं. मी कॉम्प्युटरसाठी खोकं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथं खोकं शोधण्यात थोडा वेळ गेला.

परत आलो तेव्हा तो खुर्चीवर सरळ बसला होता आणि पडद्यावर ते वाक्य होतं. त्यानं भालाईताला तीन वेळा का सोडलं असेल हे मी कधी विचारलं नाही. कदाचित घाईत वाट काढताना तसं झालं असेल. कदाचित त्याला बघायचंच असेल.

"ह्ये हायच की," तो म्हणाला.

मी खोकं खाली ठेवलं.

"पुन्याला ह्येच दावलंस?"

"व्हय."

"कुनाचं म्हनून?"

मी खोक्याच्या घड्या उलगडायला लागलो, आणि तेच उत्तर झालं. मग मी शिकवलं होतं तसं एकेक बंद करत त्यानं कॉम्प्युटर बंद केला, वायरी काढून गुंडाळल्या आणि पडदा फुटू नये म्हणून स्वतःच्या अंथरुणातली चादर त्याच्याभोवती लपेटली. खोकं आम्ही दोघांनी मिळून टेम्पोत चढवलं. टेम्पो सुटेपर्यंत तो रस्त्यात उभा होता. एवढ्या वेळात मला माफ कर म्हणायला जागा नव्हती असं नाही.

पुण्यात गेल्यावर मी पहिले काही महिने त्याच कामात होतो. बाईंना तसाच सोबती आपल्या खेळात हवा होता, बोलणारा, अडून बसणारा. मी वाक्यं लिहायचो आणि ती पुस्तकी व्हायची. बाई वाचायच्या आणि म्हणायच्या, त्या भालाईतासारखं नाही होत हे. मला ते माहीत होतं. वर्षभरानं तो खेळ अर्धवट राहिला आणि कंपनी बँकांची कामं करायला लागली.

तेव्हा कुठं मी पाटणला गेलो. कुपवाडला चौकशी केल्यावर कळलं होतं की त्यानं कारखाना सोडलाय, पाटणला गाळा घेऊन खिडक्यांच्या जाळ्या आणि शेतीची अवजारं करतोय, लग्नही झालंय. मी स्टँडवरून विचारत विचारत गेलो. तो डोळ्याला काच लावून वेल्डिंग करत होता. मला बघून त्यानं काच बाजूला केली, स्टूल पुसून दिलं.

"या, बसा," तो म्हणाला. "कवा आलासा?"

त्यानं मला तुम्ही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, मला काय अहोजाहो करतोस? तो हसला आणि शेजारी चहा सांगून आला. चहा येईपर्यंत आम्ही कारखान्यातल्या माणसांचं बोललो. मग मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. ते वाक्य तुझं होतं, बाकीचंही निम्मं तुझं होतं, मी एकट्यानं केलं म्हणून सांगितलं, चुकलं माझं.

तो कप हातात धरून ऐकत होता. रागावलेला दिसत नव्हता.

"वाक्याचं काय घिऊन बसलाय तुमी," तो म्हणाला. "नोकरीचं बी न्हाई. नोकरी तुमाला लागायचीच हुती. तुमी काढलं म्हनून सांगितलं, आनि मी ते खरं धरून चाललो. एवढंच हाय."

इतक्यात नांगराचा फाळ घेऊन एक म्हातारा आला आणि तो उठून त्याच्याशी बोलायला लागला. मी आणखी थोडा वेळ बसलो. निघताना तो रस्त्यापर्यंत आला, पुढच्या खेपेला घरी जेवायला या म्हणाला.

पुण्याला आल्यावर मी बाईंनाही खरं सांगितलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. "आता हे मला सांगून काय उपयोग?" एवढंच त्यांनी विचारलं आणि बँकेच्या कामाची फाईल पुढं ओढली. उपयोग नव्हताच. दोस्ताच्या कामाचं कौतुक ज्यांनी करायचं त्यांनी ते माझ्या नावावर करून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी त्याचं कार्ड आलं. मुलगी झाली होती. नाव ठेवायचा कार्यक्रम होता. छापील मजकुराच्या खाली त्यानं हातानं लिहिलं होतं: "तुम्ही नक्की या." त्या आठवड्यात मला सुट्टी मिळत होती. मी बाळासाठी एक झबलंही आणलं, लक्ष्मी रोडवर फिरून. आणि आदल्या दिवशी मी ऑफिसला फोन करून सांगितलं की सुट्टी नको, कामावर येतोय. तिथं खाटेवर बसून त्याच्या घरच्यांनी वाढलेलं जेवायचं आणि त्यानं मला तुम्ही तुम्ही म्हणत राहायचं, हे मला जमेल असं वाटलं नाही. झबलं मी पोस्टानं पाठवून दिलं. मिळाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं, त्याच्या बायकोच्या अक्षरात.